गाडीचा विमा: पहिल्या पॉलिसीपासून पहिल्या क्लेमपर्यंत, नाशिककरांसाठी

गाडीच्या विम्याबद्दल आपली बहुतेक माहिती तीन ठिकाणांहून येते: शोरूममधला सेल्समन, ओळखीचा एजंट आणि शेजारचे काका. तिघेही थोडं थोडं खरं सांगतात. उरलेलं क्लेमच्या वेळी कळतं, आणि तेव्हा पॉलिसीत काहीच बदलता येत नाही. क्लेमवरून होणाऱ्या बऱ्याच भांडणांचा निकाल पॉलिसी घेतली त्याच दिवशी लागलेला असतो. म्हणून इथे क्रमही तसाच ठेवला आहे: आधी कागद, मग पैसे, शेवटी अपघात.

पायरी १: पॉलिसीचे दोन भाग वेगळे ओळखा

पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि प्रीमियमचा तक्ता शोधा. त्यात एका बाजूला ‘ओन डॅमेज’ आणि दुसऱ्या बाजूला ‘लायबिलिटी’ असे दोन हिशेब दिसतील. पहिला आपल्या गाडीच्या नुकसानीचा, दुसरा आपल्या गाडीमुळे इतरांचं जे नुकसान होईल त्याचा. दुसऱ्यालाच आपण थर्ड पार्टी म्हणतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार सक्ती आहे ती फक्त थर्ड पार्टीची. ती नसताना गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड होऊ शकतो, सोबत तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं. त्यामुळे कोणत्याही कंपनीकडे गेलात तरी तो सारखाच असतो आणि त्यावर ‘आपल्यासाठी स्पेशल डिस्काउंट’ असा काही प्रकार नसतो. जून २०२२ पासून लागू झालेले खाजगी कारचे वार्षिक दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ रुपये, त्यावर ७,८९७ रुपये. यावर जीएसटी वेगळा. घासाघीस करायचीच तर ओन डॅमेजच्या रकान्यात करा, जागा तिथेच आहे.

थर्ड पार्टीतून समोरच्या माणसाच्या मृत्यूची किंवा दुखापतीची भरपाई मिळते, आणि तिला पॉलिसीत वरची मर्यादा नसते. रक्कम मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. समोरच्याच्या मालमत्तेसाठी मात्र ७.५ लाखांची मर्यादा आहे. आपल्या गाडीच्या बंपरसाठी त्यातून एक रुपयाही मिळत नाही.

आता इथला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदमच घ्यावी लागते. डिलिव्हरीच्या दिवशी ‘तीन वर्षांचा विमा झाला’ असं ऐकून माणूस निश्चिंत होतो. प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसींमध्ये ओन डॅमेज एकाच वर्षाचा असतो. पहिला वाढदिवस उलटला की गाडी स्वतःच्या नुकसानीसाठी उघडी पडते, आणि हे लक्षातही येत नाही, कारण पोलिसांनी तपासलं तरी विमा चालूच दिसतो. पॉलिसीवर दोन वेगवेगळ्या ‘पर्यंत’ तारखा छापलेल्या असतात. दोन्ही मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका. दुसऱ्या वर्षी फक्त ओन डॅमेजची स्वतंत्र पॉलिसी घेता येते, आणि ती दुसऱ्या कंपनीकडूनही चालते.

तक्त्यात तिसरी एक ओळ असते, मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची, रक्कम १५ लाख. हा विमा फक्त नोंदणीकृत मालक स्वतः गाडी चालवत असताना, आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच लागू होतो. घरात दोन गाड्या असतील किंवा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल, तर तो दुसऱ्यांदा घ्यायची सक्ती नाही. तसं लिहून द्या, पैसे वाचतात. शेजारी बसलेली पत्नी किंवा मागे बसलेले आई-वडील या १५ लाखांत येत नाहीत. प्रवाशांसाठीचं वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं आणि त्याचा हप्ता किरकोळ असतो.

पायरी २: आयडीव्ही तपासा

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल तो आकडा. ‘नऊ लाखांना घेतली, नऊ लाख मिळतील’ हे खरं नाही. हिशेब एक्स-शोरूम किमतीवरून सुरू होतो. पासिंग, रोड टॅक्स आणि विम्याचा खर्च त्यात धरत नाहीत. त्यावर घसारा असा: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक मिळून किंमत ठरवतात.

एक्स-शोरूम ८ लाखांची, साडेतीन वर्षांची कार घ्या. आयडीव्ही ४ लाख ८० हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ३ लाख ६० हजारांवर गेला, की कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते.

ऑनलाइन पॉलिसी घेताना आयडीव्हीची पट्टी डावीकडे सरकवली की हप्ता कमी होतो. हजार-बाराशे वाचवायला लोक ती शेवटपर्यंत सरकवतात. मग चोरी झाली की लाखभर रुपये कमी येतात, आणि बँकेचं कर्ज फिटायचं बाकी असेल तर उरलेले हप्ते खिशातून भरावे लागतात. उलट गरजेपेक्षा जास्त आयडीव्ही लावण्यातही फायदा नाही. वरच्या घसाऱ्याप्रमाणे जो आकडा येतो, त्याच्या आसपास राहा. कर्जावर घेतलेल्या नव्या गाडीला पहिली दोन-तीन वर्षं ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे ॲड-ऑन, म्हणजे जादा हप्ता भरून मिळणारं वाढीव संरक्षण, घ्यावं. टोटल लॉस किंवा चोरीत आयडीव्ही आणि बिलाची किंमत यांतला फरक ते भरून काढतं.

गाडीचा रंग लाल असल्याने हप्ता वाढतो असं परदेशी व्हिडिओंमधून आलेलं ज्ञान कधी कधी ऐकू येतं. इथे रंगाचा संबंध नाही. गावाचा मात्र आहे: जुन्या टॅरिफपासून चालत आलेल्या विभागणीत मुंबई, पुणे आणि इतर सहा महानगरं ‘झोन ए’ मध्ये, नाशिक ‘झोन बी’ मध्ये. त्या टॅरिफमध्ये १००० ते १५०० सीसीच्या पाच वर्षांच्या आतल्या गाडीला मूळ दर पुण्यात ३.२८३ टक्के आणि इथे ३.१९१ टक्के होता, म्हणजे पाच लाखांच्या आयडीव्हीवर साधारण ४६० रुपयांचा फरक. कोटेशन काढताना एमएच-१५ च्या जागी चुकून दुसरं आरटीओ निवडलं गेलं नाही ना, एवढं पाहा.

पायरी ३: ‘फुल इन्शुरन्स’मधून काय कापलं जातं ते आधीच मांडून पाहा

ओन डॅमेज असलेल्या पॉलिसीला बोलताना ‘फुल’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतात आणि त्यावरून सगळं बिल कंपनी भरेल असा समज होतो. साध्या पॉलिसीत नव्या सुट्या भागांवर घसारा कापला जातो. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर सरळ ५० टक्के, गाडी सहा महिन्यांची असो की सहा वर्षांची. फायबरवर ३० टक्के. काचेवर शून्य. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, एक वर्षापर्यंत ५ टक्के, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के. रंगकामात मजुरीवर कपात नाही, रंगाच्या मालावर ५० टक्के. बिल एकत्र असेल तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम माल म्हणून धरतात.

त्याशिवाय प्रत्येक क्लेमला सक्तीचा स्वतःचा वाटा असतो: १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,००० रुपये. हप्ता कमी करायला तुम्ही ‘व्हॉलंटरी डिडक्टिबल’, म्हणजे स्वतःहून घेतलेला जादा वाटा, निवडला असेल तर तोही वरून कापला जातो. कोटेशन स्वस्त दिसलं की हा रकाना आधी बघा.

समजण्यासाठी एक नमुना बिल. गाडी साडेतीन वर्षांची, १२०० सीसी, समोरून ठोकलेली. जीएसटी सोडून:

पुढचा बंपर ९,००० रुपये, प्लॅस्टिक, कपात ४,५००.
बॉनेट १२,००० रुपये, धातू, २५ टक्के, कपात ३,०००.
पुढची काच ८,००० रुपये, कपात नाही.
रंगकाम १०,००० रुपये, त्यात माल २,५००, कपात १,२५०.
डेंटिंग आणि फिटिंगची मजुरी ५,००० रुपये, कपात नाही.
नट-बोल्ट, कूलंट, ग्रीस वगैरे ८०० रुपये, पूर्ण कपात.
सक्तीचा वाटा १,००० रुपये.

एकूण बिल ४४,८००. कंपनीकडून ३४,२५०, तुमच्या खिशातून १०,५५०. हीच गाडी झिरो डेपची, म्हणजे सुट्या भागांवर घसारा न कापणारं ॲड-ऑन घेतलेली, असती तर खिशातून गेले असते १,८००. ‘कॅशलेस आहे म्हणजे पैसे लागणार नाहीत’ हा समजही इथेच निकालात निघतो. कॅशलेस म्हणजे कंपनी आपला वाटा थेट गॅरेजला देते. तुमचा वाटा तुम्हाला डिलिव्हरीच्या वेळी काउंटरवर भरावाच लागतो.

झिरो डेपचीही हद्द असते. बऱ्याच कंपन्या वर्षाला दोनच क्लेम त्याखाली घेतात आणि पाच वर्षांवरच्या गाडीला ते देताना हात आखडता घेतात. शिवाय इंजिनात पाणी जाणं, नट-बोल्ट-तेलाचा खर्च, हरवलेली किल्ली हे झिरो डेपमध्ये येत नाही. त्या प्रत्येकाला वेगळं ॲड-ऑन आहे. आमचं मत विचाराल तर पाच वर्षांच्या आतल्या गाडीला झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट ही दोन घ्या, घाटातून किंवा हायवेने वरचेवर जाणं असेल तर रोडसाइड असिस्टन्सही. साध्या पॉलिसीत गाडी ओढून नेण्यासाठी फक्त १,५०० रुपयांपर्यंत मिळतात, आणि कसारा घाटातून क्रेनने गाडी नाशिकपर्यंत आणायला तेवढे पुरत नाहीत. किल्लीचं ॲड-ऑन, सामानाचं ॲड-ऑन वगैरे बहुतेकांना लागत नाहीत.

काही गोष्टी कुठल्याच साध्या ओन डॅमेजमध्ये बसत नाहीत. झीज आणि यांत्रिक बिघाड हे सरळच आहे. पण पावसाळ्यात नाशिककरांना नडतो तो टायर: खड्ड्यात आपटून नुसता टायर फाटला तर क्लेम नाही. त्याच धडकेत गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे पैसे मिळतात, तेही ५० टक्के. दुसरं, दगड लागून ऑइल चेंबर फुटला. चेंबरचा क्लेम मिळतो. पण तेल गळत असताना तशीच गाडी दहा किलोमीटर रेटली आणि इंजिन जाम झालं, तर इंजिनाचा खर्च ‘नंतर केलेल्या वापरामुळे झालेलं नुकसान’ म्हणून नाकारतात. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्यायची, घर दोन किलोमीटरवर असलं तरी.

पायरी ४: रिन्युअल आणि एनसीबी

‘पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांची मुदत असते’ हे वाक्य एजंटांच्या तोंडीही ऐकू येतं. ते ९० दिवस फक्त नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, टिकवण्यासाठी आहेत. संरक्षण पॉलिसीवर छापलेल्या तारखेच्या मध्यरात्री संपतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ठोकली तर काही मिळत नाही. खंड पडला की ओन डॅमेज पुन्हा सुरू करण्याआधी कंपनी गाडीची पाहणी करते, हल्ली बहुधा मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावून. आधीचे ओरखडे त्यात टिपले जातात आणि पुढच्या क्लेममधून वगळले जातात. त्यामुळे रिन्युअल मुदत संपायच्या आठवडाभर आधीच उरका.

पीयूसी संपलं तर क्लेम मिळत नाही, हाही असाच पसरलेला समज. फक्त पीयूसी नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, हे विमा नियामकाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि रिन्युअलला पीयूसी जोडण्याची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये काढून टाकली. पीयूसीचा दंड वेगळा, तो चुकत नाही.

एनसीबीची शिडी अशी चढते: क्लेम नसलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. सवलत फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळते. एक क्लेम केला की थेट शून्यावर.

इथे थोडं गणित करायला हवं. समजा ओन डॅमेजचा मूळ हप्ता ९,००० रुपये आहे आणि सध्या एनसीबी ३५ टक्के. क्लेम नाही केला तर पुढे ४५, ५०, ५०, ५०, ५०. केला तर ०, २०, २५, ३५, ४५. पाच वर्षांतल्या फरकाची बेरीज १२० टक्के, म्हणजे १०,८०० रुपये. गाडीचं वय वाढेल तसा हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्ष तोटा सात-आठ हजार धरा. कॉलेज रोडवर पार्किंगमध्ये कोणीतरी दार घासून गेलं आणि गॅरेजवाल्याने पाच हजार सांगितले, तर ते खिशातून देऊन मोकळं व्हावं. गॅरेजवाला ‘क्लेम टाका ना, इन्शुरन्स आहे की’ म्हणतोच. तुमच्या एनसीबीचं नुकसान त्याच्या बिलात येत नाही.

एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या पहिल्याच हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सवलत देतं. शोरूममध्ये विमा तिथूनच घ्या असा आग्रह होतो, पण तशी सक्ती करता येत नाही. बाहेरची दोन कोटेशनं खिशात ठेवून गेलात तर शोरूमचा आकडाही खाली येतो. आणि आधीच्या वर्षी क्लेम झालेला असताना ‘क्लेम नाही’ वर टिक करू नका, एजंटने सुचवलं तरी. कंपन्या एकमेकींकडे पडताळणी करतात आणि खोटं सापडलं तर मोठ्या क्लेमच्या वेळी सापडतं.

पायरी ५: गाडी कशासाठी आणि कोण चालवतं

पॉलिसी गाडीला असते, त्यामुळे मालकाशिवाय कोणीही चालवली तर क्लेम बाद होतो असं नाही. भाऊ, मित्र, ड्रायव्हर, कोणीही चालेल. त्याच्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचं वैध लायसन्स हवं. लर्निंग लायसन्सही चालतं, पण शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस आणि गाडीला ‘एल’ पाटी असेल तरच. दारू पिऊन चालवली तर ओन डॅमेज मिळत नाही.

वापराची अट लोक वाचतच नाहीत. खाजगी कारच्या पॉलिसीत भाड्याने प्रवासी नेणं आणि स्वतःचं सामान सोडून इतर मालवाहतूक करणं वगळलेलं असतं. चार कॅरेट टोमॅटो पिंपळगावच्या मार्केटला स्वतःच्या एसयूव्हीतून नेणं म्हणजे काय एवढं, असं वाटतं. अपघाताच्या फोटोत मागे कॅरेट दिसले की सर्व्हेअर, म्हणजे कंपनीतर्फे नुकसान तपासणारा माणूस, प्रश्न विचारणारच. तेच पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीतून पैसे घेऊन भाविकांना त्र्यंबक किंवा वणीला सोडण्याबाबत. २०२६-२७ च्या सिंहस्थात हा मोह बऱ्याच जणांना होईल. अपघात झाला तर स्वतःच्या गाडीचे पैसे तर जातातच, शिवाय प्रवाशांच्या भरपाईचा भार मालकावर येऊ शकतो.

सीएनजी किट बाहेरून बसवलं तर आधी पेठ रोडच्या आरटीओत आरसीवर नोंद आणि मग पॉलिसीत तशी नोंद, दोन्ही लागतात. थर्ड पार्टीच्या बाजूला त्यासाठी ६० रुपये वाढतात, ओन डॅमेजमध्ये किटच्या किमतीच्या ४ टक्क्यांच्या आसपास. एवढ्याशा पैशांसाठी नोंद टाळली आणि गाडीला आग लागली, तर वाद किटपुरता राहत नाही. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, अलॉय व्हील यांचंही तेच: पॉलिसीत किंमत लिहिली नसेल तर भरपाई नाही.

पायरी ६: जुनी गाडी घेताना

गाडी नावावर झाली म्हणजे विमाही आपोआप नावावर झाला, हे अर्धंच खरं. मालकी बदलली की थर्ड पार्टी कायद्याने नव्या मालकाकडे जाते. ओन डॅमेज जात नाही. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत कंपनीला आरसीची किंवा फॉर्म २९-३० ची प्रत, जुन्या मालकाचं संमतिपत्र आणि फी देऊन पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. जुन्या मालकाचा एनसीबी तुम्हाला मिळत नाही. तेवढा फरक भरावा लागतो. पुण्या-मुंबईची गाडी घेऊन वर्षभर जुन्याच नावावर फिरवणारे कमी नाहीत. आरसी एकाच्या नावावर आणि पॉलिसी दुसऱ्याच्या, अशा वेळी ओन डॅमेजचा क्लेम नाकारला जातो आणि त्यावर वाद घालायलाही फारसं काही उरत नाही.

पायरी ७: पाणी

‘नैसर्गिक आपत्ती विम्यात येत नाही’ हे चूक. पूर, दरड, वीज, भूकंप हे साध्या ओन डॅमेजमध्येच येतात. थर्ड पार्टीत येत नाहीत, गोंधळ तिथून होतो.

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाघाटावर लावलेल्या गाड्यांचं काय होतं हे शहराने २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाहिलं आहे. विसर्गाची सूचना आली की दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागायची वाट बघू नका, गाडी आधी वर काढा. तरी सापडलीच, तर पाणी ओसरल्यावर गाडी सुरू करू नका. किल्ली फिरवायची नाही, पुश बटण दाबायचं नाही, धक्का मारून चालू करायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. पाण्याने सीट, वायरिंग, कार्पेट खराब झालं तर तो पुराचा क्लेम. तुम्ही चालू केल्यामुळे इंजिन गेलं तर तो पुढे झालेला खर्च, आणि इंजिन प्रोटेक्ट नसेल तर तो तुमचा.

करायचं ते असं: गाडीवर दिसणाऱ्या पाण्याच्या रेषेचे फोटो आतून-बाहेरून काढा, जमलं तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, हेल्पलाइनला कळवा आणि सपाट ट्रकवर चढवून गाडी गॅरेजला न्या. ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढायची नाही, गिअरबॉक्स खराब होतो. पुरानंतर गॅरेजमध्ये रांग लागते. क्लेम नंबर पहिल्याच दिवशी घ्या, सर्व्हेअर त्या क्रमाने येतात.

पायरी ८: अपघात झाला त्या तासात

कोणी जखमी असेल तर आधी १०८ किंवा ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. मग फोटो: चारही बाजूंनी, दोन्ही नंबर प्लेट, रस्ता आणि खुणा दिसतील असा एक दुरून. समोरच्या गाडीचा नंबर आणि चालकाचं लायसन्स टिपा.

‘माझी चूक, मी भरून देतो’ असं रस्त्यावर लेखी देऊ नका. कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही किंवा भरपाईचं वचन द्यायचं नाही, ही पॉलिसीची अट आहे. द्वारका चौकात गर्दी जमली की माणूस घाबरून पाच हजार देऊन सुटतो, ते समजण्यासारखं आहे. पण समोरच्याला लागलं असेल तर पोलिसांत नोंद करूनच पुढे जा. नंतर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली तर ती घरी ठेवून न देता लगेच कंपनीकडे पाठवा.

पोलीस तक्रार प्रत्येक क्लेमला लागत नाही. खांबाला किंवा डिव्हायडरला घासली तर फोटो आणि क्लेम फॉर्म पुरतो. दुखापत, मृत्यू, समोरच्याची मालमत्ता, चोरी, आग यांत मात्र लागतेच.

कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि घटना घडली तशीच सांगा. मागून धडक बसलेली असताना ‘कुत्रं आडवं आलं’ अशी गोष्ट रचली की नुकसानीच्या खुणा तिच्याशी जुळत नाहीत, आणि खरा असलेला क्लेमही अडकतो. गाडी कंपनीच्या यादीतल्या गॅरेजमध्ये नेली तर कॅशलेस. ओळखीच्या गॅरेजमध्येही नेता येते. बिल आधी तुम्ही भरायचं, पैसे नंतर खात्यात. पण सर्व्हेअरने पाहण्याआधी काहीही उघडू द्यायचं नाही. गॅरेजवाला घाईने बंपर खोलून ठेवतो, आतला तुटलेला भाग अपघातातलाच आहे हे मग सिद्ध करत बसावं लागतं. आरसी, लायसन्स, पॉलिसी, सही केलेला फॉर्म एवढं हाताशी ठेवा; डिजिलॉकरमधल्या प्रती चालतात.

चोरी असेल तर लगेच एफआयआर, कंपनीला आणि आरटीओला कळवणं, आणि दोन्ही किल्ल्या सांभाळून ठेवणं. दोनपैकी एक किल्ली नसेल तर त्याचं उत्तर द्यावं लागतं. दूध घ्यायला उतरताना किल्ली गाडीतच राहिली आणि गाडी गेली, तर निष्काळजीपणा म्हणून क्लेम अडतो. पोलिसांचा ‘तपास लागला नाही’ असा अहवाल मिळेपर्यंत पैसे येत नाहीत, त्याला काही महिने धरा. तोवर कर्जाचा हप्ता चालूच राहतो.

पायरी ९: क्लेम कापला किंवा नाकारला तर

सर्व्हेअरने नेमणुकीपासून १५ दिवसांत अहवाल देणं आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय देणं अपेक्षित आहे. कपातीचा तपशील आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा, आणि पायरी ३ मधल्या टक्क्यांशी ताडून पाहा. धातूच्या भागाला प्लॅस्टिकचा ५० टक्के घसारा लावणं किंवा रंगाच्या पूर्ण बिलावर कपात करणं अशा चुका होतात, आणि भागाचं नाव व रक्कम दाखवून दिली की बऱ्याचदा ईमेलवरच दुरुस्त होतात. फोनवर बोलून काही उपयोग नाही.

तिथे जमलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला क्लेम नंबरसह लिहा आणि पोच घ्या. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. नाशिकसाठी ते पुण्याचं कार्यालय. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तोच विषय ग्राहक आयोगात किंवा कोर्टात आधीच चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही, म्हणून आधी लोकपाल आणि मग गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोग, हा क्रम ठेवा.